मारुती ८०० सिग्नलला तापते : मे महिन्याच्या नोंदी, नागपूर

गाडी १९९८ची मारुती ८००. कार्बोरेटरवाली, चार गिअर, ७९६ सीसी, पासिंग एमएच-३१. आधी आईची होती, सहा वर्षांपासून माझी. एसी नाही. मी हिशेबनीस आहे, मेकॅनिक नाही. आजवर स्वतः केलेली कामं म्हणजे प्लग, एअर फिल्टर, ऑइल आणि एकदा क्लचची केबल. जुनी ८०० घेऊन याच भानगडीत पडलेल्या कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून लिहून ठेवते आहे. चुका गाळलेल्या नाहीत.

४ मे, रविवार

वर्धा रोडवर लोकमत चौकाच्या सिग्नलला तापमानाचा काटा एचच्या (हॉट) जवळ गेला. बाहेर बेचाळीसच्या पुढे, गाडीत मी आणि अकरा वर्षांचा मुलगा. जुनी युक्ती केली : हीटर फुल, खिडक्या उघड्या. हीटरही एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत ओततो. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ऊन लागलंय. सिग्नल सुटला, गाडी पन्नासने पळाली आणि काटा खाली आला. पुढच्या सिग्नलला परत वर.

वाटेत एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू न करता म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं मॅडम. साडेनऊ हजार, चार दिवस लागतील." मी म्हटलं, विचार करून सांगते.

५ मे, सोमवार

सकाळी ऑफिसच्या आधी तासभर. गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) खरंच गेलंय का, एवढंच बघायचं होतं. गेलं असेल तर पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतं.

ऑइलची कांडी काढून पाहिली : ऑइल काळं, पण चहाच्या दुधासारखं फेसाळ नाही. ऑइलच्या झाकणाखाली साय नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप काढून गाडी चालू केली : बुडबुडे येत राहिले नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे गॅस्केट गेल्याची एकही खूण नाही. आत मात्र कूलंट नव्हतंच, गढूळ तांबडं पाणी होतं. हा माझाच दोष. दोन उन्हाळे मी बोअरचं पाणी टाकत आले. आमच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर पांढरी खपली धरते, ती रेडिएटरच्या नळ्यांत धरत नसेल असं मला का वाटलं कोण जाणे.

गाडी तापू दिली. पंखा लागला. वहीत लिहिलं : "पंखा चालू. ✓"

ही टिक लक्षात ठेवा.

६ ते ९ मे

रोज रात्री व्हिडिओ. सगळे म्हणतात थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप). म्हणून मीही म्हटलं थर्मोस्टॅट. शेजारचे काका हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं असतं तर पुढचे दोन आठवडे वाचले असते, पण ते काटोलला भावाकडे गेले होते. फोन करायचा मला संकोच वाटला.

घाट रोडवरच्या दुकानात पार्ट घ्यायला गेले. काउंटरवरचा म्हणे, "मेकॅनिकला पाठवा ना मॅडम, तुम्हाला समजणार नाही कोणता लागते." जुन्या पार्टचा फोटो, मॉडेल, साल, सगळं दाखवलं तेव्हा आतून आणला. थर्मोस्टॅट ३८० रुपये, पॅकिंग ४०, वरचा होज पाइप आणि दोन क्लिपा २७०.

१० मे, शनिवार

साडेपाचला सुरुवात. आमच्या पार्किंगच्या टिनाच्या शेडखाली साडेआठनंतर बसवत नाही, म्हणून दिवसाला तीनच तास धरायचे.

रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप सैल करून पाणी टबात काढलं. टब लगेच झाकला. कूलंट गोडसर असतं, आणि शेडखाली मांजरी असतात. माझ्या टबात पाणीच होतं, पण तुमच्यात खरं कूलंट असेल तर हे विसरू नका. ते विष आहे.

थर्मोस्टॅटचं झाकण दोन बोल्टांवर बसतं, डोकं दहा नंबरचं. पहिला निघाला. दुसरा हलेना. गंज सोडवणारा स्प्रे मारला, दहा मिनिटं थांबले. दहा मिनिटं! सत्तावीस वर्षांच्या गंजाला मी दहा मिनिटं दिली. मग रॅचेटला लांब दांडा लावला, कारण लांब दांड्याने जोर कमी लागतो. खरं आहे. जोर इतका कमी लागला की बोल्ट कधी पिळला गेला ते हाताला कळलंच नाही. आधी किंचित मऊ लागलं, वाटलं सुटला. मग टक्.

डोकं पान्याच्या गोटीत, बाकीचा बोल्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळाच्या) अ‍ॅल्युमिनियममध्ये.

मी तिथेच फरशीवर बसले. मुलगा टॉर्च धरून उभा होता, त्याने विचारलं, "हे असंच असतं का?" सात वाजले होते. घरी जाऊन चहा केला.

११ मे, रविवार

तुटलेला भाग तीन-चार मिलिमीटर वर असता तर पक्कड लावता आली असती. तो आतच होता. मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा, असा बेत. हँड ड्रिल घेतलं, तीनचं बिट लावलं.

बिट मधोमध राहिलं नाही. पोलादाचा बोल्ट आणि शेजारी मऊ अ‍ॅल्युमिनियम. बिट मऊ जागा शोधतं. मी दाबत गेले, ते सरकत गेलं. थांबले तेव्हा भोक कडेला गेलं होतं, अर्धं बोल्टात, अर्धं मॅनिफोल्डात. एक बिट मोडलं, पण नशिबाने बाहेरच्या बाहेर.

एक्स्ट्रॅक्टर घेतला नाही, हा या महिन्यातला माझा पहिला शहाणा निर्णय. तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

१२ ते १५ मे

गाडी बंद. सुभाष नगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रो, पुढे पायी. मेट्रोत गारवा असतो हे मान्य करावं लागेल.

सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या उघड्या बॉनेटचा फोटो आला, खाली "हे किती दिवस चालणार?" मलाही तेच विचारायचं होतं.

बुधवारी काका आले. टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं.

"काहून तोडला बाप्पा एवढासा बोल्ट?"

मी सगळं सांगितलं. लांब दांड्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "सहा मिलिमीटरचा बोल्ट आहे बेटा. त्याले मनगटाचा जोर पुरते. खांद्याचा लावला का तो तुटतेच. आधी जरासा कसायचा, मग सोडायचा. पुन्हा कसायचा. दोन रात्री रॉकेल पाजायचं."

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी ही नोंद वाचावी. मॅनिफोल्ड काढून लेथवाल्याकडे न्यायचं तर कार्बोरेटरसकट सगळं उतरवावं लागतं. त्याऐवजी लेथवाल्याकडून फक्त बुश (मधोमध भोक असलेल्या आखूड नळ्या) करून आणायचे. थर्मोस्टॅटचं झाकण हाच साचा. झाकणातलं भोक साडेआठ मिलिमीटरचं करून घ्यायचं, झाकण चांगल्या बोल्टाने जागेवर कसायचं, आणि त्या भोकात बाहेरून साडेआठचा पोलादी बुश बसवायचा. एक बुश आतून चारचा, दुसरा ६.८चा. ड्रिल बुशातून जातं, त्यामुळे कडेला पळायला जागाच नाही. जुन्या सहाच्या बोल्टाचा भुसा होतो आणि तिथे आठच्या बोल्टाचे नवे आटे पडतात. आठच्या टॅपला (आटे पाडायचं हत्यार), १.२५ पिचला, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराला, ६.८चं भोक लागतं.

आठचं भोक पाडायला भोवती भिंत पुरते का, हे आधी मोजलं. आमच्याकडे पुरत होती. तुमच्याकडे बघून घ्या.

१६ मे, शुक्रवार

लेथवाला : दोन बुश आणि झाकणाचं भोक मिळून २५०. तीन टॅपचा सेट ३५०, टॅपचं हँडल १८०, नवी बिटं १२०. लेथवाल्याने बुश कशासाठी ते विचारलं आणि ऐकून पैसे न घेता कडा घासून दिल्या.

१७ मे, शनिवार

भुसा आत पडू नये म्हणून आतल्या पाण्याच्या वाटेत जुन्या ओढणीचा बोळा कोंबला. काकांनी त्याला दोरा बांधायला लावला आणि दोऱ्याचं टोक बॉनेटच्या कडीला. "विसरशील," म्हणाले. मी विसरणार नव्हते. (विसरले. झाकण बसवताना दोरा मध्ये आला तेव्हा आठवलं.)

चारचं बिट बुशातून सरळ गेलं. पहिले दोन मिलिमीटर जुन्या भोकाकडे ओढ जाणवली, पण बुशाने धरून ठेवलं. मग ६.८चं. बोल्टाचा शेवटचा तुकडा कात्रीतल्या नखासारखा वळून बाहेर आला.

टॅप : रॉकेल टाकून, अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे. मागे फिरवलं की भुसा तुटतो. टॅपला ग्रीस लावलं तर भुसा त्यालाच चिकटून बाहेर येतो. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही टॅप ओळीने. घाई नाही. चाळीस मिनिटं लागली. तिसरा टॅप बाहेर काढला आणि नवा बोल्ट बोटांनीच आत गेला, पानासुद्धा लागला नाही. काका काही बोलले नाहीत. फक्त तो बोल्ट स्वतः एकदा बाहेर काढून पुन्हा आत लावून पाहिला.

१८ मे, रविवार

नवा थर्मोस्टॅट, नवं पॅकिंग, नवा होज. स्वच्छ पाण्याने तीनदा धुतलं, तिसऱ्यांदाही पाणी लालसरच. मग दोन लिटर कूलंट (६४०) आणि पाच लिटरच्या कॅनमधलं (१००) डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. हीटर उघडा ठेवून भरलं, नाहीतर त्याच्या पाइपात हवा अडकते. होज हाताने दाबत गेले, गुड्गुड् करत हवा बाहेर आली, पातळी खाली गेली, पुन्हा भरलं.

गाडी चालू केली. वीस मिनिटं जागेवर. काटा निम्म्यावर आला, थांबला, आणि मग अगदी आधीसारखाच, त्याच चालीने, वर चढत गेला.

मी चावी फिरवून बंद केली आणि काही वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. आठ दिवस, दोन हजारांच्या वर, एक बोल्ट.

दुपारी जुना थर्मोस्टॅट एका टाकाऊ पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला. त्याच्यावर ८२ (अंश) कोरलेलं आहे. पाणी उकळायच्या बऱ्याच आधी त्याची झडप सावकाश उघडली, गॅस बंद केल्यावर मिटली. एकदम निरोगी. हे कळायला तो काढायचीही गरज नव्हती. गाडी तापताना रेडिएटरचा वरचा पाइप एकदम गरम होतो, तेव्हाच समजायचं की झडप उघडली. आणि थर्मोस्टॅट अडकला असता तर गाडी वर्धा रोडवर पन्नासनेही तापली असती. ती पळताना थंड होत होती. म्हणजे हवा मिळाली की थंड होत होती. हे ४ तारखेलाच माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

१९ मे, सोमवार

काका संध्याकाळी आले. "पंखा पाहिला का?"

"पाहिला. चालू आहे." वही दाखवली, टिक दाखवली.

"फिरते का हवा मारते?"

गाडी तापवली. पंखा लागला. काकांनी समोर वर्तमानपत्राचं पान धरलं. चालत्या पंख्याने ते जाळीला ओढून चिकटवायला हवं होतं. पान नुसतं थरथरलं.

ऑफिसात आमचं काम व्हाउचर तपासायचं. व्हाउचर आहे म्हणून टिक मारायची नसते, आकडा वाचून मारायची असते. नव्या मुलांना मी हे दरवर्षी सांगते.

२० मे, मंगळवार

घरात मल्टिमीटर होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी घेतलेला, टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. ४ तारखेपासून तिथेच.

ओळीने केलेलं :

थर्मो स्विचच्या (इंजिन तापलं की पंखा लावणाऱ्या) दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे स्विच बाजूला पडला. पंखा लागला, पण मंदच. म्हणजे स्विचचा दोष नाही.

पंख्याचं कनेक्टर काढून बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटारीला दिल्या. पंखा गरजला. मुलगा दोन पावलं मागे सरकला. म्हणजे मोटार ठणठणीत.

मग मोटारीला गाडीचीच पॉझिटिव्ह वायर आणि निगेटिव्ह थेट बॅटरीवरून. पुन्हा गरजला. म्हणजे दोष अर्थिंगच्या, मोटारीतून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेच्या, बाजूला.

शेवटी आकडा : कनेक्टर परत जोडला, पंखा चालू, मीटरचं एक टोक मोटारीच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आलं ४.१ व्होल्ट. बॅटरीचे बारा, त्यातले चार रस्त्यातच खर्च. पंख्याच्या वाट्याला आठ.

अर्थिंगची काळी वायर रेडिएटरच्या बाजूला पत्र्यावर एका बोल्टने कसलेली आहे. तिच्या टोकाचं थिंबल (बोल्टाखाली बसणारी धातूची कडी) हिरवं पडलं होतं, खाली पत्रा गंजलेला. बोल्ट? दहा नंबर.

हात लावला नाही. रॉकेल पाजून घरी गेले.

२१ आणि २२ मे

सकाळ-संध्याकाळ रॉकेल. बाकी काही नाही.

२३ मे, शुक्रवार

आखूड पाना. आधी कसायच्या बाजूला, अगदी किंचित. चर्र झालं. मग सोडायच्या बाजूला. हलला. पुन्हा कसला, पुन्हा सोडला. एका फेऱ्याला पंधरा मिनिटं लागली असतील. दरवेळी थोडं रॉकेल, दरवेळी थोडी जास्त वाट. बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत लाल पीठ भरलेलं होतं, पण डोकं शाबूत. मी तो खिशात घालून ऑफिसला गेले, आणि दिवसभर अधूनमधून खिशात हात घालून पाहत होते.

२४ मे, शनिवार

पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला. नवीन थिंबल, वीतभर नवी वायर, वर ग्रीस. सगळं मिळून ४५ रुपये. मीटर लावला : ०.०८.

पंखा लागला तेव्हा वर्तमानपत्राचं पान जाळीवर फाटकन चिकटलं. हात मागे धरला तर गरम झोत कोपरापर्यंत लागला.

रेडिएटर कॅपही बदलली, १६०. जुनीचं रबर कडक झालं होतं. नव्या कॅपवर ०.९ लिहिलंय, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढ्या पट जास्त दाब ती धरते. तेवढा दाब टिकला तर नुसतं पाणीही शंभरला न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की ती सवलत जाते. गाडी गरम असताना कॅप उघडायची नाही, हे लिहायची गरज नसावी, पण काकांच्या डाव्या हातावर याच कारणाने जुना डाग आहे, म्हणून लिहिते.

संध्याकाळी मुद्दाम सीताबर्डी. शनिवार, सात वाजता, लोखंडी पुलाच्या अलीकडे पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटं. मागचे हॉर्न मारत होते, मी काट्याकडे पाहत होते. निम्म्यावर आला, पंखा लागला, किंचित खाली, पंखा बंद. पुन्हा निम्म्यावर. मुलगा म्हणाला, "आई, हीटर लावू?"

२५ मे, रविवार

आजपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यांत कडक मानले जाणारे नऊ दिवस. पहाटे पाचला रामटेक. मनसरपर्यंत सरळ रस्ता आहे, त्यात काही सिद्ध होत नाही. गडाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये काटा निम्म्याच्या जरा वर गेला आणि वर पोचल्यावर पंख्याने खाली आणला. आई बरोबर होती. तिने विचारलं, एवढी घाम फुटल्यासारखी का चालवते आहेस.

उतरताना वास आला, गोडसर. खाली थांबून पाहिलं : माझ्या नव्या आठच्या बोल्टाखाली कूलंटचा एक ओला हिरवा ठिपका. पान्याने पाव फेरा कसला. मनगटाने.

२७ मे, मंगळवार

हिशेब. थर्मोस्टॅट ३८०, पॅकिंग ४०, होज-क्लिपा २७०, कूलंट ६४०, डिस्टिल्ड वॉटर १००, बिटं १२०, टॅप ३५०, हँडल १८०, बुश २५०, बोल्ट-वॉशर १५, कॅप १६०, थिंबल-वायर-पेपर ४५. एकूण २,५५०.

यातला मूळ दोषाचा खर्च ४५. कूलंट, पाणी आणि कॅप मिळून ९०० लागणारच होते, आज ना उद्या. ९१५ माझ्या तुटलेल्या बोल्टाचे. बाकी ६९० व्हिडिओंच्या नावे, पण त्यातला होज तरी नवा आहे. वेळ : सगळा धरून सुमारे वीस तास, त्यातले निदान बारा मी स्वतः निर्माण केलेल्या कामाचे. गॅरेजवाल्याचे साडेनऊ हजार भरले असते तर हेड उतरलं असतं, नवं गॅस्केट बसलं असतं आणि पंखा मंदच फिरला असता.

टॅपचा सेट काकांकडे ठेवलाय. ते म्हणाले, तुझ्याकडे ठेव, तुला लागते.

३१ मे, शनिवार

गाडीखाली आठवडाभर पुठ्ठा पसरून ठेवला होता. हिरवा डाग एकही नाही. झाकणाखाली बोट फिरवलं, कोरडं.

पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मात्र रुपयाएवढा काळा डाग आहे. ऑइल. वर पाहिलं तर सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेचा एक बोल्ट ओला दिसतोय. डोकं दहा नंबर. रॉकेल लावून आलेय.